नवीन सिस्टरचं पहिलं वर्ष: विदर्भाच्या गावखेड्यात नोकरी सुरू करताना

जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंगचा निकाल लागला की घरचे विचारतात, "पगार किती देऊन रायले?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण पहिल्या वर्षापुरता तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न हा, की रात्री दोन वाजता वॉर्डात तुमच्या शेजारी कोण असेल? कॉलेजात दिसलेल्या गोष्टी हातात बसायला वर्ष लागतं, आणि त्या वर्षात जाणती सिस्टर जवळ नसेल तर चुकीची सवयही तितकीच पक्की बसते. पुढचं सगळं हे धरून वाचावं.

नोंदणी आणि कागद

महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. "आधी रुजू व्हा, नंबर नंतर आणा" असं सांगणारे मालक तालुक्याच्या गावी भेटतातच. तिथे हातून काही चुकलं तर कागदावर तुम्ही नर्सच नसता, आणि ते महिने पुढे अनुभव म्हणून दाखवणंही अवघड होतं. अर्ज ऑनलाईन भरायचा असतो. दहावी-बारावीच्या आणि कोर्सच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदविका किंवा पदवी उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, कॉलेजचं कोर्स पूर्ण केल्याचं पत्र, बीएस्सीवाल्यांचं इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, आधार, फोटो, सही. सगळं मूळ प्रतीवरून स्वच्छ स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. मोबाईलने काढलेल्या तिरक्या, सावली पडलेल्या फोटोंमुळे अर्ज परत येतात. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे गुण लागतात. म्हणून पहिल्या कार्यशाळेपासूनची प्रमाणपत्रं त्याच फोल्डरात टाकत जा. भारतीय परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी नंबरही (देशपातळीवरचा तुमचा ओळख क्रमांक) काढून घ्यावा.

सर्वांत जास्त अडचण नावामुळे येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव 'रामकृष्ण', आधारावर 'रामकिसन', बँकेत तिसरंच. सगळं दहावीप्रमाणे करून घ्या, आणि ते अर्ज करायच्या आधी. लग्न झालं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद हवी. एखाद्या भरतीचा अर्ज भरून झाल्यावर मधेच आधारावरचं नाव बदलू नका. कागदपत्र पडताळणीच्या दिवशी अर्जातली व्यक्ती आणि समोरची व्यक्ती वेगळी दिसते.

राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर लागतं. वैधता प्रवेशाच्या वेळीच काढली असेल तर मूळ प्रत कॉलेजात अडकलेली नाही ना, ते आधी बघा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे एप्रिलात सेतू केंद्रावर गर्दी होण्याआधी उत्पन्नाचे कागद तयार ठेवा. लग्न झालेल्या मुलींची जात आणि नॉन-क्रिमिलेअर माहेरच्या कागदांवर निघते. सासरचा सातबारा घेऊन रांगेत उभं राहून उपयोग नाही.

कुठे रुजू व्हायचं

वाटा साधारण चार. खाजगी हॉस्पिटल, मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय, राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी जागा, आणि कायम सरकारी नोकरी. शेवटची जाहिरात निघेल तेव्हा निघते. तिची वाट बघत घरी बसण्यात हात विसरतो.

पहिल्या वर्षासाठी आमची पसंती मोठ्या रुग्णालयाला आहे. सेवाग्राम, सावंगी, नागपूर, नाहीतर यवतमाळ, अकोला, चंद्रपूरची सरकारी महाविद्यालयं. खाजगीत पगार कमी मिळाला तरी शंभरावर बेड, चोवीस तास डॉक्टर आणि वॉर्डात इन्चार्ज सिस्टर असते. त्याउलट पंधरा बेडच्या नर्सिंग होममध्ये नव्या मुलीलाच रात्री एकटं ठेवतात, वर कॅज्युअल्टी, लेबर रूम आणि कधी मेडिकल स्टोअरही तिच्याच गळ्यात. तिथे 'सगळं शिकायला मिळतं' हे खरं, पण शिकवणारं कोणी नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये पन्नासपेक्षा कमी बेडच्या खाजगी हॉस्पिटलातही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं होतं. तालुक्याच्या गावी तो आकडा क्वचितच ऐकू येतो, पण बोलणी करताना तो माहीत असलेला बरा.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर निघतात. स्टाफ नर्सला २०,००० आणि एएनएमला (सहायक परिचारिका) १८,००० रुपये एकत्रित मानधन, हे आकडे बहुतेक जाहिरातींत दिसतात. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर गेलात तर २५,००० आणि वर कामगिरीनुसार १५,००० पर्यंत. पैसे बरे आहेत. मात्र मेळघाटातल्या किंवा एटापल्लीकडच्या उपकेंद्रात तुम्हीच सर्वांत जाणत्या असता, डॉक्टर फोनवर. नव्या मुलीने लेबर रूम आणि इमर्जन्सीत वर्षभर काढून मग तिकडे जावं असं आम्हाला वाटतं. घरच्या परिस्थितीमुळे लगेच जावंच लागलं, तर रुजू होण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये पंधरा दिवस काम बघू द्या, अशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विनंती करा. विचारायला काही जात नाही.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. रात्री किती पेशंटमागे किती सिस्टर? डॉक्टर इमारतीत झोपतात की घरी? नेमणूकपत्र देता का, पीएफ कापता का? वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर पीएफ लागू होतो. मूळ प्रमाणपत्रं 'सेफ्टीसाठी' ठेवून घेतो म्हणणाऱ्या ठिकाणी साक्षांकित प्रती द्या, मूळ नाही. एकदा अडकली की दुसरी जाहिरात हातची जाते. बाँड असेल तर तो वाचून, रक्कम आणि महिने बघून मगच सही करा.

पहिला महिना

खिशात सेकंदकाटा असलेलं घड्याळ, दोन पेनं, कात्री, टूर्निकेट आणि छोटी वही. पायात बंद चप्पल. पहिल्या आठवड्यात पेशंटपेक्षा वस्तू ओळखा. इमर्जन्सी ट्रेमध्ये काय कुठे आहे, ऑक्सिजन सिलेंडरची चावी कोणाकडे, सक्शन चालतं का, लाईट गेली तर जनरेटर कोण सुरू करतो, अँबू बॅगला (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लहान मुलांचा मास्क आहे का. डोळे मिटून अॅड्रिनालिन सापडलं पाहिजे. आणि वॉर्डात काम करणाऱ्या मावशींशी नीट बोला. वॉर्डातल्या निम्म्या वस्तूंचा ठावठिकाणा त्यांनाच माहीत असतो.

ओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून वॉर्डाचा ताबा, टेबलावर बसून घेऊ नका, बेडजवळ उभं राहून घ्या. सलाईन कितीवर आहे, कॅथेटरच्या बॅगेत लघवी किती, कॅन्युलाची (शिरेत बसवलेली नळी) जागा सुजलीय का, ड्रेसिंग भिजलंय का, हे डोळ्यांनी बघून मग "घेतलं" म्हणा. एकदा घेतलं म्हणालात की आधीच्या ड्युटीत राहून गेलेला डोसही तुमचा होतो.

सलाईनच्या थेंबांचा हिशोब तोंडपाठ हवा. एकूण मिली गुणिले सेटचे थेंब भागिले मिनिटं. साध्या सेटमध्ये बहुधा एका मिलीला २० थेंब, मायक्रो सेटमध्ये ६०. ५०० मिली चार तासांत द्यायचं तर ५०० × २० ÷ २४० म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो बघून मग मोजा. नातेवाईक "लवकर संपवा ना सिस्टर, बस निघून जाईल" म्हणून स्वतःच चाक फिरवतात. म्हातारा, हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर तेवढ्यानेच छातीत पाणी भरतं.

औषधात कुठे चुकतं

इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलीला ४० युनिटच्या असतात आणि १०० युनिटच्याही. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी. १०० ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज घेऊन २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला ५० युनिट जातात. उलट गफलत झाली तर २० ऐवजी ८. म्हणून सिरिंज उचलण्याआधी बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा.

पोटॅशियम क्लोराईड सरळ शिरेत कधीच देऊ नका, हृदय थांबतं. ते साध्या पाण्याच्या अँप्युलसारखं दिसतं, म्हणून त्याचा डबा वेगळा ठेवा. फेनिटोईन (झटक्यांवरचं औषध) फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे कण बनतात. सेफ्ट्रिअॅक्सोन (अँटिबायोटिक) आरएलच्या, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईनच्या, लाईनमध्ये नको, कॅल्शियमशी साका होतो. रक्त चालू असताना त्या लाईनीत नॉर्मल सलाईनशिवाय काही नाही, आणि पिशवी चार तासांत संपलीच पाहिजे. ऑक्सिटोसिन आणि मेथर्जिन, दोन्ही गर्भाशय आकसवणारी औषधं, फ्रीजमध्ये शेजारी पडलेली असतात. ऑक्सिटोसिनचं अँप्युल ५ युनिटचं असतं, म्हणून बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत द्यायच्या १० युनिटला दोन अँप्युल लागतात. बीपी वाढलेल्या बाईला मेथर्जिन चालत नाही.

झटके येणाऱ्या गरोदर बाईला रेफर करण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत खोल ५-५ ग्रॅम. ५० टक्क्यांच्या अँप्युलमध्ये २ मिलीत १ ग्रॅम, म्हणजे एका बाजूला पाच अँप्युल, १० मिली. पुढच्या डोसाआधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आणि चार तासांत किमान १०० मिली लघवी, हे तिन्ही तपासा. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ काढून ठेवा.

इथले पेशंट

पुस्तकात एका पानात संपणारे आजार इथे रोजचे असतात.

रोवणीच्या आणि पाऊस लागल्यानंतरच्या दिवसांत साप. घोणस चावली तर सूज आणि रक्तस्राव दिसतो. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड. "सिस्टर, पोट दुखून रायलं, डोळे उघडत नाही" असं म्हणणाऱ्याला गॅसची गोळी देऊन झोपवणं ही जीव घेणारी चूक आहे. २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीसाठी २ मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन न हलवता ठेवायचं, २० मिनिटांनी एकदाच तिरपं करायचं. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली तर निकाल फसवा येतो. अँटीव्हेनमचा (सापाच्या विषावरचं औषध) टेस्ट डोस द्यायचा नाही. प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली पाणी घालून हळू फिरवा, जोरात हलवलं तर फेस येतो. सुरुवातीला साधारण १० व्हायल सलाईनमधून तासाभरात. लहान मुलालाही तितक्याच, कारण विष तेवढंच असतं. अॅड्रिनालिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवा: खाज, अंगावर पित्त उठणं, बीपी पडणं दिसलं की थेंब थांबवून मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत. पायाला आवळलेली दोरी आल्याआल्या कापू नका. आधी शीर मिळवा, डॉक्टर समोर असू द्या, मग हळूहळू सोडा.

ऑगस्टपासून पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी सुरू झाली की विषबाधा येते; २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-शेतमजूर दगावले होते. ग्लोव्ह्ज घाला, कपडे काढा, केसांपासून नखांपर्यंत साबणाने धुवा. न धुता अॅट्रोपिन (विषावरचा उतारा) चढवत राहिलं तर विष कातडीतून आत जातच राहतं. सेंद्रिय फॉस्फरसच्या (ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या) विषात अॅट्रोपिन डॉक्टर दर पाच मिनिटांनी दुप्पट करतात: ३, ६, १२ मिग्रॅ. अँप्युल ०.६ चं, म्हणजे पाच, दहा, वीस. तीन डोसांत ३५ अँप्युल. ट्रेमध्ये दहाच ठेवलेली असतील तर काय होईल ते सांगायला नको. मोसम सुरू होण्याआधी साठा मोजा. डोस पुरेसा झाला की नाही हे छातीतल्या आवाजावरून आणि स्रावावरून बघतात, नुसत्या बाहुल्यांवरून नाही. नातेवाइकांकडून औषधाची बाटली मागवा, आणि एमएलसीची (पोलिसांना कळवावी लागणारी केस) नोंद करून पोलिसांना कळवल्याची वेळ लिहा.

सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) पोराच्या वेदना चेहऱ्यावर दिसत नाहीत, कारण त्याला लहानपणापासून सवय झालेली असते. "नेहमीचाच आहे, इंजेक्शनसाठी येते" असं म्हणणारे सहकारी भेटतील. त्यांचं ऐकू नका. वेदना आकड्यात विचारा, पाणी द्या, ऊब द्या, ऑक्सिजनचं प्रमाण मोजा. ताप, छातीत दुखणं, श्वास लागणं यातलं काहीही असेल तर लगेच डॉक्टरांना उठवा.

भाषेचंही असंच. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या दक्षिणेला कोलामी. दुखतं कुठे, कधीपासून, लघवी झाली का, जोर लाव, थांब: एवढे शब्द आशाताईंकडून वहीत उतरवून घ्या.

डॉक्टरांना फोन

"सर, पेशंट बरं नाही वाटून रायलं" म्हटलं की समोरून "बघतो सकाळी" येतं. फोन करण्याआधी केसपेपर हातात, बीपी-पल्स ताजे मोजलेले. मग असं: "सर, फिमेल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड सात, सिझरला आठ तास झाले. बीपी ९० बाय ६०, पल्स १२४, तासात दोन पॅड पूर्ण भिजले, गर्भाशय मऊ लागतंय. मला पीपीएच वाटतंय. मसाज चालू केलाय, दुसरी लाईन घेतेय. तुम्ही आत्ता या." (पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव.) तोंडी ऑर्डर मिळाली तर औषध, मात्रा, मार्ग परत म्हणून दाखवा, वेळ लिहा, सकाळच्या राऊंडला सही घ्या. डॉक्टर फोन उचलत नसतील तर किती वाजता किती वेळा लावला तेही लिहा, आणि पुढच्या माणसाला लावा.

रेफर करताना १०८ बोलावणं हा अर्धाच भाग. चिठ्ठीवर शेवटचे व्हायटल्स (बीपी, पल्स, श्वास, ताप), दिलेली औषधं वेळेसकट, आणि पुढच्या हॉस्पिटलला फोन. भामरागडहून गडचिरोलीला दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त जावं लागतं. वाटेत काय लागेल याचा विचार गाडी सुटण्याआधी करायचा. पावसाळ्यात रस्ता चालू आहे का हे ड्रायव्हरदादांना विचारा. गरोदर बाईची तारीख आणि पूर एकत्र येणार असतील तर तिला आधीच तालुक्याला हलवावं.

लिहिताना खाडाखोड नको, व्हाइटनर तर नाहीच. चुकलं तर एक रेघ, बाजूला बरोबर मजकूर, सही, वेळ. केलेलं काम लगेच लिहा. सकाळी सात वाजता रात्रभराचे बीपी एका दमात भरलेत हे कुणालाही ओळखू येतं, सगळे १२० बाय ८० असतात.

स्वतःची काळजी

रुजू व्हायच्या आधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस घ्या: ०, १ आणि ६ महिने. सुईवर टोपी परत लावू नका. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, इन्चार्जला सांगा, नोंद करा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. आपल्या भागात ती कुठे मिळतात हे आधीच शोधून ठेवा. रात्री अकराला शोधत बसायची ती गोष्ट नव्हे.

नातेवाइकांनी अंगावर हात टाकला तर तो गुन्हा आहे. आरोग्यसेवकांवरच्या हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि तो नर्सेसनाही लागू आहे. तक्रार हॉस्पिटलच्या लेखी पत्रासोबत द्या. छळ आतल्याच माणसाकडून होत असेल, तर दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे; त्यापेक्षा लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती.

खोली हॉस्पिटलपासून पायी अंतरावर घ्या. इव्हिनिंग ड्युटी आठला सुटते आणि शेवटची एसटी बहुतेक गावांत त्याआधीच गेलेली असते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नाईट करून आल्यावर पत्र्याच्या खोलीत झोप लागत नाही. भाड्याचे चारशे-पाचशे जास्त गेले तरी स्लॅबची, कूलर लावता येईल अशी खोली बघा.

वर्ष भरताना

एम्सच्या नॉरसेट (नर्सिंग ऑफिसर भरतीच्या) परीक्षेला बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही, जीएनएमवाल्यांना मात्र किमान ५० बेडच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून अनुभव प्रमाणपत्रात हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, तुमचा नोंदणी क्रमांक आणि हॉस्पिटलची बेडसंख्या हे सगळं लिहून घ्या. 'काम समाधानकारक होतं' एवढंच लिहिलेलं पत्र पडताळणीत टिकत नाही. नोकरी सोडताना नेमणूकपत्रात लिहिलेली नोटीस पूर्ण करा, पगाराच्या पावत्या आणि पीएफचा यूएएन नंबर जपून ठेवा, आणि प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी हातात घेऊनच निघा. नंतर त्यासाठी चकरा मारायच्या तर दर वेळी एक दिवस आणि एसटीचं भाडं जातं.